राहिलेले बावीस सेकंद

पंचानं दिलेला निर्णय फिरवायचा नसतो, हे मी छत्तीस वर्षं शिट्टी तोंडात धरून शिकलो आणि शेकडो पोरांना शिकवलं. मी नंदकुमार खबाले. वय पंचाहत्तर. खो-खोचा पंच, आता निवृत्त. गुडघे गेले, ऐकायला जरा कमी येतं, पण नजर अजून शाबूत आहे असं मी सगळ्यांना सांगत असतो. सगळ्यांना म्हणजे कोणाला, तर घरात एकच माणूस आहे, माझी बायको उज्ज्वला, आणि तिला माझ्या नजरेचं कौतुक कधीच नव्हतं.

गेल्या वर्षी, २०४६ साली, एका प्रकाशकानं मला गळ घातली. म्हणाला, "सर, मुलांना आपल्या खेळांचा इतिहास माहीत नाही. तुम्ही लिहा." मला काय, निमित्तच हवं होतं. बसलो लिहायला. मल्लखांब लिहिला, लंगडी लिहिली, हुतूतूची कबड्डी कशी झाली ते लिहिलं. पुण्याच्या छावणीत गोरे साहेब जाळी बांधून फूल टोलवायचे आणि त्याचंच पुढे बॅडमिंटन झालं, तेही लिहिलं. खो-खोवर आलो तेव्हा तर हात थांबेना. पुण्यातल्या जिमखान्यानं नियम कसे बांधले, १९३६ साली बर्लिनमध्ये अमरावतीच्या मंडळींनी देशी खेळ कसे दाखवले, सगळं तारीखवार. तीस पानं झाली. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

प्रकाशकाची एक पद्धत आहे. छापण्याआधी प्रत्येक प्रकरण तो एखाद्या शाळेत वाचायला देतो. माझं प्रकरण गेलं वाळवणच्या शाळेत, सातवीच्या मुलींकडे. आठ दिवसांनी पडद्यावर त्यांची बैठक झाली. सगळ्यांच्या वतीनं बोलायला पुढे आली ती ओवी लोखंडे नावाची, दोन वेण्या घातलेली, भुवया उंचावून बोलणारी मुलगी.

"सर, खरं सांगू का?"

"सांग की."

"कंटाळा आला."

मागे खसखस पिकली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण समोर लेकरं, करतो काय?

"म्हणजे नियम कधी झाले, संस्था कधी झाली, हे सगळं आहे," ओवी म्हणाली. "पण कोण हरलं, कोण रडलं, कोण भांडलं, हे काहीच नाही. आमच्या वाळवणात १९९८ ला फायनल झाली होती ना? अख्खं गाव अजून त्या भांडणाबद्दल बोलतं. तुमच्या पुस्तकात एकच ओळ. 'महिला गटात कृष्णाकाठ मंडळ एका गुणाने विजयी.' बस्स?"

मी म्हणालो, "बाळा, इतिहासात निकाल महत्त्वाचा."

"पण सर, त्या सामन्याचे पंच तुम्हीच होता ना?"

मी नेट खराब असल्याचं सांगून पडदा बंद केला. स्वयंपाकघरातून उज्ज्वलाचं हसणं ऐकू आलं. तेवढं बरोबर ऐकू येतं मला.

ज्यांनी खो-खो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात. नववा पळणाऱ्यांच्या मागे लागतो. त्याला मागे फिरता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. म्हणून तो बसलेल्याला पाठीमागून 'खो' देतो. तो उठून धावतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. पळणारे तिघातिघांच्या तुकडीनं मैदानात येतात. हात लागला की बाद. दोन्ही पाय मैदानाच्या रेषेबाहेर गेले तरी बाद. प्रत्येक बादाला एक गुण.

त्या दिवशी अंतिम सामना वाळवणच्या रणरागिणी मंडळाचा कृष्णाकाठशी होता. शेवटचा डाव. कृष्णाकाठला बरोबरीला एक गुण हवा होता, जिंकायला दोन. बावीस सेकंद उरले होते. रणरागिणीच्या तुकडीतली शेवटची मुलगी मैदानात होती, एकोणीस वर्षांची, वाऱ्यासारखी पोर. तिनं आधीच चौघींच्या हातावर तुरी दिल्या होत्या. कृष्णाकाठची जयश्री घोरपडे तिच्या मागे लागली. पोरगी रेषेच्या कडेनं वळली, अंग आत झुकवलं, आणि त्या बाजूचा पंच असलेल्या मी बघितलं की तिचे दोन्ही पाय रेषेबाहेर पडले. मी शिट्टी मारली. बाद.

ती ओरडली, "माझा अंगठा रेषेवर होता!" तिच्या मैत्रिणी मला घेरून भांडायला लागल्या आणि त्या गोंधळात त्यांची पुढची तुकडी मैदानात उशिरा उतरली. उशिरा उतरलं तर एक बाद, हा नियमच आहे. तोही मीच दिला. कृष्णाकाठ एका गुणानं जिंकलं. मग खुर्च्या उडाल्या. रणरागिणी मंडळात आपापसांत फूट पडली, ते महिन्याभरात बंद झालं, आणि मैदानावर बाजार समितीनं काँक्रीट ओतून गाड्यांचा तळ केला. एकोणीस वर्षांच्या त्या पोरीचं राज्याच्या संघात नाव लागणार होतं, ते गेलं. ती पुन्हा कधी खेळली नाही.

दोन वर्षांनी माझ्यासाठी एक स्थळ आलं. मी बघायला गेलो, तर पोह्यांची बशी घेऊन तीच समोर! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मोठी माणसं म्हणाली, "काय विचारायचं ते विचारा एकमेकांना." तिनं एकच विचारलं, "त्या दिवशी मी बाद होते?"

मी म्हणालो, "होतीस."

ती म्हणाली, "नव्हते. पण तोंडदेखलं बोलणारा दिसत नाही. चालेल."

असं आमचं लग्न झालं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा विषय किती वेळा निघाला असेल? भाजीत मीठ जास्त झालं तरी निघतो.

त्या बैठकीनंतर आठवड्याभरात ओवीचा निरोप आला, की वर्गानं एक पत्र पाठवलंय, शबनमताईंना, वाळवणच्या जुन्या मैदानाची माती वाचून द्या म्हणून. शबनम शिकलगार ही वाळवणचीच मुलगी, भूभौतिकीतली डॉक्टर. तिच्याकडे ते मातीवाचक यंत्र होतं. नाव ऐकूनच माझं डोकं फिरलं, कारण त्या यंत्रानं दोन वर्षांत आम्हा पंचमंडळींची झोप उडवली होती.

खरं तर ते यंत्र रस्त्याखालची माती नीट दाबली आहे की नाही हे तपासायला बनवलेलं. दिसायला गवत कापायच्या गाडीसारखं. जमिनीत अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सोडतं आणि परत येणारे प्रतिध्वनी टिपतं. चिकणमातीचे कण पत्र्याच्या कपच्यांसारखे चपटे असतात. ओल्या मातीवर पाय पडला की कपच्या आडव्या निजतात, आणि पाय ज्या दिशेला रेटा देईल त्या दिशेला कलतात. टाच आधी टेकली की चवडा, भार किती होता, उडी कुठल्या बाजूला घेतली, हे सगळं त्या कलण्यात राहतं. वरून दुसरा पाय पडला तर खालची खूण थोडी मोडते, म्हणून आधी कोण आणि नंतर कोण हेही कळतं. वर ऊन-पाऊस, नांगर, फावडं यांतलं काही लागलं, तर सगळं पुसून जातं. पण माती ताबडतोब झाकली गेली, तर खुणा शंभर वर्षं टिकतात.

आमच्या मैदानांवर सामन्याच्या दिवशी सकाळी पाणी मारून रूळ फिरवतात. त्यामुळे माती ओलसर आणि घट्ट होते. वाळवणच्या त्या मैदानावर त्यानंतर कोणी खेळलंच नाही, आणि महिन्याच्या आत वर काँक्रीट पडलं. म्हणजे आमच्या भांडणानंच तो सामना जपून ठेवला होता.

यंत्राचा हा उपयोग लोकांच्या लक्षात आल्यावर गावोगावी जुने निकाल उकरून काढायची लाटच आली. शेवटी सगळ्या खेळांच्या संघटनांनी ठराव केला, की जुना निकाल कुठल्याही यंत्रानं बदलणार नाही. मी त्या ठरावाला टाळ्या वाजवल्या होत्या.

"वाचू दे त्यांना," मी तोऱ्यात उज्ज्वलाला म्हणालो. "एकदाचं सिद्ध होईल मी बरोबर होतो ते."

मला वाटलं, ही उड्या मारेल. तिनं हातातलं लसूण सोलायचं थांबवलं.

"नको," ती म्हणाली.

"का? घाबरलीस?"

"हो, घाबरले. तुम्हाला काय, एक निर्णय गेला तर बाकीचे हजार आहेत. मला तेवढे बावीस सेकंदच आहेत. मी बाद नव्हते, एवढ्यावर मी अठ्ठेचाळीस वर्षं काढली. उद्या ते यंत्र म्हणालं की होतीस, तर मग माझ्यापाशी राहिलं काय हो?"

मला एवढ्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं की ती हे भांडण जिंकायला भांडत नाही. रात्री जेवताना ती आपणहून म्हणाली, "जाऊ या. पोरींनी एवढं पत्र लिहिलंय. त्यांना आपण काय सांगणार, की आम्हाला खरं नको आहे म्हणून?"

वाळवणच्या बाजारतळावर रविवारी सकाळी आम्ही पोचलो. गाड्या हलवून तळ मोकळा केला होता. शबनम, तिशीतली, टोपी घातलेली, चार शब्दांत काम उरकणारी बाई, यंत्र ढकलत तासभर उभी-आडवी फिरली. सातवीच्या बत्तीस मुली कडेला ओळीनं बसल्या होत्या. मग तिनं मोठा पडदा लावला.

राखाडी रंगाची माती दिसली आणि त्यावर पावलं. शेकडो, हजारो. सामन्यानंतर घुसलेल्या लोकांच्या चपला शबनमनं एकेक थर करून काढून टाकल्या. खाली उरली ती अनवाणी पावलं. खो-खोच्या मुली तेव्हा अनवाणीच खेळायच्या. आठ जागी बसल्याच्या खुणा, खांबाभोवती घासलेली माती. मग तिनं एक पावलांची माळ तांबडी केली.

"ही शेवटची पळणारी," ती म्हणाली.

उज्ज्वलानं माझं मनगट घट्ट धरलं. तांबडी पावलं खांबाला वळसा घालून आली, हूल देऊन फिरली, कडेला आली. समोर फक्कीची रेषा. म्हणजे चुन्याची पांढरी पूड. ओल्या मातीत चुना मुरला की हवा लागून त्याचा दगडासारखा पापुद्रा होतो, वरून झाडला तरी खालचा राहतो. त्या पांढऱ्या रेषेच्या पलीकडे दोन तांबडी पावलं उमटली होती. दोन्ही. रेषेच्या चांगली वीतभर पलीकडे. अंगठा रेषेच्या आसपाससुद्धा नव्हता.

"बघ!" माझ्या तोंडून निघून गेलं. आणि पुढच्याच क्षणी मला स्वतःची लाज वाटली, कारण उज्ज्वलाचा हात माझ्या मनगटावरून गळून पडला होता. ती नुसती पडद्याकडे बघत राहिली.

"थांबा हं जरा," शबनम म्हणाली. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. "खबाले सर, मैदानाला या बाजूला दोन रेषा का आहेत?"

"दोन?"

"ही जी तुम्ही बघताय, तिच्यावरून लहान मुलांची पावलं गेलीत. म्हणजे ही सकाळची. तिच्या बाहेर मीटरभर अंतरावर दुसरी आहे, ती त्या लहान पावलांच्या वरून मारलेली. म्हणजे नंतरची. आणि त्या दुसरीवर विणीचे ठसे आहेत, कापडाचे जाड."

मला धाडकन सगळं आठवलं. सकाळी त्याच मैदानावर छोट्या गटाचा सामना झाला होता. छोट्यांचं मैदान लहान असतं. दुपारी मोठ्यांसाठी बाहेरून नवी फक्की मारायची आणि आतली जुनी झाडून टाकायची. तीन बाजू झाडल्या होत्या. चौथी राहिली. आणि नव्या रेषेवर कोणीतरी पाहुण्यांच्या घरच्या बायकांना बसायला सतरंजी अंथरली होती. सगळा सामना त्या बाजूनं एक मीटर अरुंद मैदानात झाला, आणि दोन्ही संघांना, प्रेक्षकांना, मला, कोणालाच कळलं नाही!

"म्हणजे खऱ्या रेषेच्या..." ओवी उठून उभी राहिली होती.

"खऱ्या रेषेच्या दीड हातापेक्षा जास्त आत," शबनम म्हणाली. "बाद व्हायचा प्रश्नच येत नाही."

मुलींनी एकच गिल्ला केला. मी मात्र उभ्या जागी घामाघूम झालो होतो. कारण ओवीनं पुढचा प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता. "सर, सामन्याआधी मैदान कोण तपासतं?"

"पंच," मी म्हणालो.

"मग तुम्ही तपासलं नव्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय? पण उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही. पाहुणे दोन तास उशिरा आले. आले ते नेमके मैदान तपासायच्या वेळेला. आल्या आल्या सत्कार सुरू झाले. जो शिपाई रेषा झाडत होता त्याला हारांचं ताट धरायला बोलावलं. आणि मला शाल-श्रीफळ द्यायला मांडवात नेलं. मी शाल पांघरून फोटो काढून घेतला, आणि मैदान ठीक असल्याच्या कागदावर तिथेच, मांडवातच सही केली."

ओवी सावकाश खाली बसली.

घरी येईपर्यंत उज्ज्वला बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "अगं, निदान भांड तरी."

"चुकलात त्याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "माझंही चुकलंच की, म्हणे अंगठा रेषेवर! तुम्ही बघितलं ते खरंच होतं, मी म्हणत होते तेही मला खरंच वाटत होतं. पण अहो, सेहेचाळीस वर्षांत एकदा, एकदा तरी 'कदाचित माझं चुकलं असेल' म्हणाला असतात, तर मला किती बरं वाटलं असतं! तुमच्या तोंडात ती शिट्टी घरातसुद्धा असायची."

मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाला येतं तसं नाही, चांगलं हुंदके देऊन. तिनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "पुरे आता. पुस्तकात काय लिहिणार आहात ते सांगा."

तेही सोपं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी संघटनेच्या सचिवांचा फोन आला. "सर, तुम्ही काय ते वाळवणचं छापणार आहात म्हणे. असं करू नका. एक निकाल उघडला की शंभर उघडतील. शिवाय पुढच्या महिन्यात तुमचा जीवनगौरव सत्कार ठेवलाय. त्यात हे बरं दिसेल का?"

"सत्कार रद्द करा," मी म्हणालो.

"अहो सर!"

"एका सत्कारानं काय होतं ते बघितलंय मी. नको मला आता. आणि निकाल तुमच्या कागदावर तसाच ठेवा, तो तुमचा. पुस्तक माझं आहे. त्यात माझी चूक माझ्या नावानिशी येणार."

रात्रीत मी ते प्रकरण फाडून नव्यानं लिहिलं. दोन रेषा, सतरंजी, शाल, सही, सगळं. पण शेवटच्या वाक्याला अडलो. लिहायचं काय? 'रणरागिणी विजयी' असं लिहिता येत नव्हतं. उज्ज्वला बाद नव्हती एवढंच खरं. पुढच्या बावीस सेकंदांत जयश्रीनं तिला गाठलंच नसतं असं कोण सांगणार? पंच म्हणून मला एकच वाक्य सुचलं आणि तेच मी लिहिलं. 'हा सामना अपूर्ण आहे.'

मुलींनी ते वाचलं. पसरवलं. कृष्णेच्या पलीकडे सत्तरीच्या घरात आलेल्या जयश्री घोरपड्यांपर्यंत ते पोचलं. त्यांचा फोन आला तो थेट उज्ज्वलाला.

"उज्जे, ओळखलंस का गं? जयश्री बोलतीय."

"ओळखलं की! बोल."

"अगं ती ढाल आमच्या मंडळात अजून काचेत ठेवलीय. परवापासनं माझी तिच्याकडं बघायची हिंमत होईना. फुकटची नको मला. बावीस सेकंद राहिल्यात न्हवं? चल, खेळू. तुला बाद करीन आणि मग ताठ मानेनं ठेवीन काचेत."

"गुडघे बघितलेस का तुझे?" उज्ज्वला म्हणाली.

"तुझे कुठं सोन्याचे हैत?"

मी मधे पडायचा प्रयत्न केला. सदुसष्टाव्या वर्षी कोणी पळतं का, डॉक्टर काय म्हणतील, वगैरे. उज्ज्वलानं मला हातानं बाजूला सारलं. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे टेकडीवर जायला लागली.

पुस्तकाचं प्रकाशन वाळवणच्या शाळेच्या मैदानावर ठरलं. आसपासच्या गावांतून माणसं लोटली होती. मी सकाळी सहाला जाऊन उभा राहिलो, सुतळी ताणून, फीत लावून, दोनदा मोजून फक्की मारून घेतली, आणि एकही सतरंजी मैदानाच्या आसपास येऊ दिली नाही. शाळेचे मुख्याध्यापक हार घेऊन आले, त्यांना म्हणालो, "तो खांबाला घाला."

कृष्णाकाठच्या जुन्या संघातल्या पाच जणी आल्या होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या, नऊवारी-सहावारी खोचलेल्या. उरलेल्या चार जागांवर शाळेच्या मुली बसणार होत्या. ओवीनं कृष्णाकाठकडून बसायचं मागून घेतलं.

"उज्ज्वलाआजी, मी खरं धावणार हं. दया नाही करणार," ती म्हणाली.

"केलीस तर कान उपटीन," उज्ज्वला म्हणाली. तिनं साडीचा पदर कमरेला गच्च बांधला, चपला काढल्या आणि अनवाणी मैदानात उतरली. मातीला हात लावून कपाळाला लावला.

नियमाप्रमाणे सुरुवात जिथे सामना थांबला तिथून. उज्ज्वला कडेच्या रेषेजवळ, जयश्री तिच्या मागे चार पावलांवर. धावफलकावर रणरागिणी एक गुणानं पुढे. माझ्या हातात घड्याळ. मी शिट्टी मारली.

जयश्री सुटली. अरे बापरे, त्या बाईत अजून केवढं बळ होतं! उज्ज्वला बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे सटकली. जयश्रीनं खो दिला, शाळेची एक पोरगी उसळून उठली. सहा सेकंद. उज्ज्वला खांबाकडे. लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. पोरीनं खो दिला ओवीला. नऊ. ओवी खरंच दया न करता धावली. उज्ज्वलानं डावीकडे हूल दिली, ओवी डावीकडे गेली, आणि म्हातारी उजवीकडून निघून गेली. अठ्ठेचाळीस वर्षं झाली त्या हुलीला! मला माझ्या कामाचा विसर पडत होता. मी डोळे ताणून तिच्या पायांकडे बघत राहिलो.

चौदा सेकंदांना तिचा गुडघा लचकला. ती अडखळली, सावरली. तिचा वेग गेला. अठरा. ओवीनं खो दिला आणि उठली ती पुन्हा जयश्रीच. दोघींमध्ये तीन हात अंतर होतं. मग दोन. माझ्या तोंडात शिट्टी होती, हातात घड्याळ होतं, आणि घड्याळ दुसऱ्या कोणालाच दिसत नव्हतं. एक सेकंद आधी फुंकली असती तर जगात कोणाला कळलं नसतं. देवाशपथ, मोह झाला मला. पण तिनं आयुष्यभर माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती ही नव्हती. मी दात शिट्टीवर दाबून धरले.

वीस. जयश्रीनं अंग झोकून हात पुढे टाकला. उज्ज्वला बसलेल्या पोरींच्या पट्टीला खेटून होती, बाजूला सरकायला जागा नाही. तिनं अंग आत दुमडलं आणि जयश्रीच्या हाताखालून, जवळजवळ जमिनीला टेकून, निसटली. एकवीस. जयश्री मातीवर पडली, तिला मागे फिरता येईना, तिनं पडल्या पडल्या शेजारच्या पोरीला खो दिला. ती पोर उठली, धावली, हात लांबवला.

बावीस!

मी इतक्या जोरात शिट्टी फुंकली की माझ्याच कानठळ्या बसल्या. पोरीचा हात उज्ज्वलाच्या पाठीला लागला तो त्यानंतर. माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि आख्ख्या वाळवणनं बघितलं.

निकाल जाहीर करायचं काम पंचाचं. हजारभर सामन्यांचे निकाल मी कोरड्या आवाजात सांगितले असतील. तिथे उभा राहिलो तर आवाजच फुटेना. जयश्री माती झटकत आली, मला कोपरानं ढोसून म्हणाली, "सांगा की ओ पंच! तोंडात काय गूळ ठेवलाय का?"

मग मी ओरडलो. "जिल्हा अजिंक्यपद, सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, महिला गट! रणरागिणी मंडळ, वाळवण, एका गुणानं विजयी!"

जयश्रीनं स्वतः आणलेली ती ढाल उज्ज्वलाच्या हातात दिली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. रणरागिणीच्या ज्या चौघी भांडून एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या त्या कुठून कुठून धावत आल्या. बत्तीस पोरींनी माझ्या बायकोला खांद्यावर उचललं आणि मैदानभर फिरवायला सुरुवात केली.

"अहो, उतरवायला सांगा ना त्यांना! पडेन मी!" ती वरून मला ओरडत होती, ढाल छातीशी धरून, हसत, धापा टाकत, एकोणीस वर्षांची झालेली.

सामना संपला होता. पंचाचा आता काही अधिकार राहिला नव्हता. मी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली, आणि गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हणत, त्या मिरवणुकीच्या मागे तिच्या नावानं ओरडत धावत सुटलो.